विंडोज टाकताना 'ड्रायव्हर नाही' म्हणतंय, डिस्क खरंच गेली का?

रानजाई | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी एरवी बागकामाच्या विभागात असते, इकडे पहिल्यांदाच धागा काढतेय. गरज मोठी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मुलगी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा लॅपटॉप २०२१ मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला. अकराव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. मागच्या आठवड्यापासून तो चालू होताना 'ऑटोमॅटिक रिपेअर'वरच अडकतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच फिरत राहतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच आहे, तर ११ टाकून घेऊ असं ठरवलं. शेजारच्या दादांनी पेनड्राइव्ह बूटेबल करून दिला. भाषा वगैरे निवडून झाली आणि जिथे डिस्कची यादी यायला हवी तिथे काहीच नाही. 'इन्स्टॉल ड्रायव्हर टु शो हार्डवेअर' असं काहीतरी येतं आणि ब्राउझ करायला सांगतं.

काल दुकानात नेला. त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं, "ताई, एसएसडी गेली. नवीन घाला, साडेचार हजार." पैशांपेक्षा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. डी ड्राइव्हवर तिचं प्रोजेक्ट आहे, आणि माझ्या वडिलांच्या आवाजातल्या आरत्यांचं रेकॉर्डिंग आहे. ते दुसरीकडे कुठेही नाही. वडील आता नाहीत.

ड्रायव्हर नाही म्हणजे डिस्क मेली असं असतं का? कृपया सांगा.

लोकल८१२ | रात्री १०:०४

ताई, नवीन काही विकत घेऊ नका. ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम, तो नाही म्हणजे डिस्क मेली असं नसतं. आधी बायोसमध्ये जा, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर. लॅपटॉप चालू करताच एफ२ दाबत राहा, काही कंपन्यांचं एफ१० किंवा डिलीट असतं. तिथे एसएसडीचं नाव आणि आकार दिसतो का ते बघून इथे लिहा. पुढचं सगळं त्यावर ठरेल.

अर्धाकप | रात्री १०:११

एसटी फलाटाला लागली आहे, टायर ठीक, डिझेल भरलेलं, कंडक्टर दारात उभा, फक्त ड्रायव्हर अजून चहा पितोय. अशा वेळी 'गाडी भंगारात काढा' असं कोणी म्हणत नाही. आरत्या सुरक्षित असतील ताई, धीर धरा.

जुनाजाणता | रात्री १०:३२

मला २००५-०६ चे दिवस आठवले. विंडोज एक्सपी टाकताना अगदी सुरुवातीला निळ्या पडद्यावर खाली एक ओळ यायची, की तिसऱ्या कुणाचा स्काझी (डिस्क जोडायची एक पद्धत) किंवा रेड (अनेक डिस्का एकत्र वापरायची पद्धत) ड्रायव्हर घालायचा असेल तर एफ६ दाबा. ती ओळ मोजून चार-पाच सेकंद. चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक्सपी २००१ चं, आणि साटा नावाच्या नव्या जोडणीच्या डिस्क त्यानंतर घरोघरी आल्या, त्यामुळे एक्सपीच्या सीडीला त्या ओळखताच यायच्या नाहीत. एफ६ दाबून ड्रायव्हर द्यायचा तर तो फ्लॉपीवरच लागायचा. आणि तोवरच्या लॅपटॉपांना फ्लॉपीची खाचच उरली नव्हती!

तेव्हा आम्ही दोन उपाय करायचो. बायोसमध्ये जाऊन साटा 'एएचसीआय' या नव्या पद्धतीवरून 'आयडीई' या जुन्या पद्धतीवर आणायचं, नाहीतर एनलाइट नावाच्या प्रोग्रॅमने ड्रायव्हर आत घुसवलेली नवी सीडी जाळायची. यातलं काही न करता पुढे गेलं की शेवटी ७बी आकड्याची निळी स्क्रीन. त्या काळात याच कारणासाठी 'हार्ड डिस्क गेली' म्हणून चांगल्या डिस्का बदलल्या गेलेल्या मी स्वतः पाहिल्यात. म्हणजे तुमचा प्रश्न वीस वर्षं जुना आहे, नुसते कपडे बदललेत.

खटपट्या | रात्री ११:०५

जुनाजाणता काका, सोळा आणे खरं. आता नवे कपडे कोणते ते सांगतो.

अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. एरवी एनव्हीएमई (हल्लीच्या वेगवान जातीची) एसएसडी थेट विंडोजसमोर उभी राहते आणि विंडोजकडचा स्वतःचा ड्रायव्हर तिला ओळखतो. व्हीएमडी चालू असली की एसएसडी त्या कंट्रोलरच्या दाराआड जाते. विंडोजला फक्त दार दिसतं, आतलं माणूस दिसत नाही. दाराची किल्ली म्हणजे इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आयआरएसटीचा ड्रायव्हर. लॅपटॉप कंपनी कारखान्यात विंडोज टाकताना तो घालूनच देते, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला कधी जाणवलं नाही. आपण कोऱ्या पेनड्राइव्हवरून टाकायला गेलो की किल्ली नसते.

विंडोजच्या जुन्या सेटअपमध्ये याच जागी 'वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज' यायचं, खाली 'लोड ड्रायव्हर'चं बटण. नव्यात शब्द बदलले, आजार तोच.

काय करायचं ते सांगतो. दुसऱ्या संगणकावरून तुमच्या लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर जा, मागे चिकटवलेला मॉडेल नंबर टाका, 'स्टोरेज' विभागातला आयआरएसटी ड्रायव्हर उतरवा. सर्वांत नवा आकडा बघून इंटेलचा कुठलाही उचलू नका, नव्या आवृत्त्यांतून जुन्या पिढ्या गळत जातात. तुमच्याच मॉडेलच्या पानावरचा घ्या.

आणि जुनाजाणता काकांसाठी एक गंमत. तो ड्रायव्हर उलगडला की आतल्या फोल्डरच्या नावात आजही 'एफ६' आणि फ्लॉपीची चार अक्षरं सापडतात. बघाच.

जुनाजाणता | रात्री ११:०९

काय सांगतोस! अजून एफ६? आज झोप चांगली लागणार.

रानजाई | रात्री ११:४०

बायोसमध्ये गेले. एसएसडीचं नाव दिसतंय! समोर ५१२ जीबी पण लिहिलंय. लेकीला उठवून दाखवलं. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. आता उद्या सकाळी ड्रायव्हर शोधते. सगळ्यांचे आभार.

बाजारपेठ_रिपेअर | शनिवार, सकाळी ८:२०

मी स्वतः लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताईंना मिळालेला सल्ला चुकीचा होता, यात वाद नाही. बायोस न बघता निदान करायला नको होतं. पण प्रत्येक दुकानदार लुबाडायलाच बसलेला असतो असं कृपया समजू नका. आमच्याकडे दिवसाला दहा मशीन येतात आणि गिऱ्हाइकाला तासाभरात हवं असतं. जुन्या हार्ड डिस्कच्या काळात यादीत डिस्क दिसली नाही की बहुतेक वेळा ती गेलेलीच असायची. ती सवय अंगात मुरली आहे, मोडायला वेळ लागतो. माझ्याकडच्या दोन्ही पोरांना मी आता पहिला प्रश्न हाच विचारायला शिकवलंय, की बायोसमध्ये नाव आहे का.

बायोसमध्येही नाव नसेल तर मात्र मागचं झाकण उघडून एसएसडी खाचेतून सैल झाली आहे का ते बघावं. लॅपटॉप पडला असेल तर असं होतं. काढून नीट बसवली की पुष्कळदा परत दिसते. तरीही नाही दिसली तरच ती गेली म्हणा.

लोकल८१२ | सकाळी ८:३१

दादा, हा प्रतिसाद फार आवडला. अशी दुकानं हवीत.

सरळसोट | सकाळी ९:०२

एवढा खटाटोप कशाला? बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, एफ१० दाबून सेव्ह करा, डिस्क लगेच दिसेल. मी तीन लॅपटॉपांवर केलंय. घरगुती लॅपटॉपात एकच एसएसडी असते, रेड वगैरे करायचं नसतं, मग व्हीएमडी हवीच कशाला? विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर उत्तम चालतो. पेनड्राइव्हवर फाइली घाला, उलगडा, शोधा, यातलं काहीच लागत नाही. काही एसर मॉडेलांत तो पर्याय लपवलेला असतो, बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की वर येतो.

खटपट्या | सकाळी ९:४८

सरळसोट, तुमचा मार्ग चालतो, नाही म्हणत नाही. पण ताईंना मी तो सुचवला नाही, त्याला कारणं आहेत.

समजा आज व्हीएमडी बंद करून विंडोज टाकलं. वर्षभराने बायोस अपडेट झालं किंवा सेटिंग मूळ पदावर गेलं, की व्हीएमडी परत चालू होते. विंडोज एका दाराने आत बसवलं आणि आता दुसऱ्या दाराने यायला सांगतोय. 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येणार. तेव्हा हा धागा आठवेलच असं नाही, आणि परत कुणीतरी म्हणणार, 'एसएसडी गेली'.

उलटंही तितकंच खरं. ज्यांचं विंडोज धडधाकट चालू आहे त्यांनी नुसतं कुतूहल म्हणून व्हीएमडी बंद केली तर तीच निळी स्क्रीन. घाबरू नका, परत चालू केली की विंडोज उठतं. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करायची विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण हातात नसेल तर डिस्क चांगली असूनही डेटा कुलपात.

सरळसोट | सकाळी १०:१५

बायोस अपडेटनंतरचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरी ज्यांना ड्रायव्हर सापडतच नाही त्यांच्यासाठी माझा उपाय राहू द्या. फक्त बायोसच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे काय बदललं ते कळतं.

पेंग्विनप्रेमी | सकाळी १०:४०

तुम्ही सगळे विंडोज टाकायच्या मागे लागलात. ताईंना आधी आरत्या हव्यात! कुणी तो डेटा बाहेर काढायचं बोलतच नाहीये.

रानजाई ताई, ड्रायव्हर घातला की सेटअपमध्ये सगळी जुनी पार्टिशनं, म्हणजे सी-डीसारखे डिस्कचे कप्पे, यादीत येतील. तिथे एक चुकीचा क्लिक आणि डी ड्राइव्ह साफ. म्हणून त्याआधी हे करा. वेगळ्या पेनड्राइव्हवर उबुंटू घाला (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार), २२.०४ किंवा त्यानंतरचं. त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासून आहे, त्यामुळे वेगळं काही न घालता तुमची एसएसडी फाइल मॅनेजरमध्ये दिसेल. डी उघडा, आरत्या आणि प्रोजेक्ट दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा, आणि तो पेनड्राइव्ह काढून देवघरात ठेवा. मगच विंडोज.

बाजारपेठ_रिपेअर | सकाळी १०:४४

शंभर टक्के अनुमोदन. आधी डेटा, मग बाकी सगळं. दुकानात हाच नियम भिंतीवर लावलाय.

खिळेजुळारी | सकाळी ११:३०

धागा थोडा वळवतोय, माफ करा. माझी सांगलीत लहान छपाई प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांच्या अहवालांचं काम. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर डोंगलवर (लॅपटॉपला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं, ते विंडोज ७ पलीकडे जात नाही, आणि वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्यातच आहेत. जुन्या लॅपटॉपवर ७ परत टाकतोय, तर म्हणतं सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिळत नाही. अहो, मी सीडी वापरतच नाहीये, पेनड्राइव्हवरून टाकतोय! मग सीडीचा ड्रायव्हर कशाला मागतंय?

जुनाजाणता | सकाळी ११:५२

दादा, तुमच्या लॅपटॉपला निळ्या जिभेचे पोर्ट आहेत आणि एखादा काळ्या जिभेचा, असं आहे का? निळा म्हणजे यूएसबी ३. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, त्याच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. गंमत अशी होते, की सुरुवातीला पेनड्राइव्ह बायोस वाचून देतं, म्हणून सेटअप चालू होतं. मग विंडोज स्वतः सूत्रं हाती घेतं आणि ज्या पेनड्राइव्हवरून ते उठलं तोच त्याला दिसेनासा होतो. 'माझ्या फाइली कुठे गेल्या' हे त्याला विचारायचं असतं, पण तो मजकूर सीडीच्या जमान्यात लिहिलेला, म्हणून सीडीचं नाव घेतं. पेनड्राइव्ह काळ्या पोर्टात घाला.

मशीन सहाव्या पिढीचं किंवा नंतरचं असेल तर मात्र काळा पोर्टही उपयोगाचा नाही. २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलने चिपसेटमधून यूएसबी २ चा जुना कंट्रोलरच काढून टाकला. तिथे कीबोर्ड-माऊससुद्धा मरतात, आणि यूएसबी ३ चा ड्रायव्हर आत घुसवलेला पेनड्राइव्ह बनवावा लागतो.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आहे. त्या मशीनला इंटरनेट जोडू नका, फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा.

लोकल८१२ | दुपारी १२:१०

यातच भर. विंडोज १० मध्ये हाच प्रकार 'अ मीडिया ड्रायव्हर युवर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग' अशा शब्दांत येतो. तिथे पुष्कळदा ड्रायव्हरचा संबंधच नसतो, आयएसओ फाइल (ज्यावरून पेनड्राइव्ह बनवतो ती) अर्धवट उतरलेली असते किंवा पेनड्राइव्ह खराब असतो. माझे दोन दिवस यात गेले होते. मायक्रोसॉफ्टच्या पानावर आयएसओचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा ठसा, दिलेला असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल या कमांडने आपल्या फाइलचा काढायचा आणि ताडून बघायचा. जुळला नाही तर फाइल पुन्हा उतरवा, दुसरा पेनड्राइव्ह घ्या.

खिळेजुळारी | दुपारी १२:२५

चौथ्या पिढीचं आहे, आणि डाव्या बाजूला एक काळा पोर्ट आहे! संध्याकाळी प्रेस बंद झाल्यावर करून बघतो.

अर्धाकप | दुपारी १:००

ड्रायव्हरला मराठीत काय म्हणावं? 'चालक' म्हटलं की डोळ्यासमोर रिक्षा येते.

इंद्रायणी | दुपारी १:१८

'सारथी' म्हणा. यंत्र आहे, शक्ती आहे, पण घोड्यांची भाषा कळणारा मध्ये बसल्याशिवाय रथ हलत नाही. 'तुमच्या डिस्कचा सारथी सापडला नाही' असं आलं असतं तर ताई इतक्या घाबरल्या नसत्या.

जुनाजाणता | दुपारी १:३०

मला 'दुभाषा' जास्त जवळचा वाटतो. ड्रायव्हर गाडी हाकत नाही, तो विंडोजचं म्हणणं त्या भागाला आणि त्या भागाचं म्हणणं विंडोजला समजावून सांगतो. दुभाषा नसला तर दोघंही आपापल्या जागी शहाणे असून बोलणं होत नाही.

पेंग्विनप्रेमी | दुपारी १:४१

दुभाषा! पटलं. लिनक्सच्या मंडळींनी यावर वर्षानुवर्षं भांडण केलंय. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्वी मुक्त नसलेलं फर्मवेअर (वायफायसारख्या भागांच्या आत चालणारा प्रोग्रॅम) घालायचेच नाहीत. तत्त्व म्हणून योग्य, पण माणूस वायफायविना बसायचा, कारण वायफाय चालायला लागणारं फर्मवेअर उतरवायला आधी वायफाय हवं. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच यायला लागलं. मी तत्त्वाचा माणूस आहे, तरी त्या दिवशी मला बरं वाटलं.

म्युनिकचा_मावळा | दुपारी २:५०

पेंग्विनप्रेमी, तुमच्या 'वायफायसाठी वायफाय'वरून आमच्या घरची गोष्ट सांगतो. बाबा नाशिकला, मी इथे जर्मनीत. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकून देत होतो, म्हणजे हात त्यांचे आणि डोळे माझे, व्हिडिओ कॉलवर. डिस्क दिसली, फाइली कॉपी झाल्या, आणि शेवटी 'लेट्स कनेक्ट यू टु अ नेटवर्क'वर गाडी थांबली. वायफायची यादी रिकामी. पुढे जायचं बटण दबतच नाही. तिकडे रात्रीचे साडेअकरा, बाबा ७३ वर्षांचे. म्हणाले, "तू झोप आता, सकाळी बघू." मला झोप कुठली.

सकाळी सुचलं. त्यांचा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडायला सांगितला आणि फोनमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, फोन नेटवर्क केबलसारखा वागतो. दहा सेकंदांत बटण उजळलं. घरचं वायफाय फोनला चालू ठेवलं तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. बाबा तेव्हापासून सोसायटीत तिघांना हे करून देऊन आलेत.

रानजाई | संध्याकाळी ६:३५

अहवाल देते. पेंग्विनप्रेमी म्हणाले तसं उबुंटू आधी. डी ड्राइव्ह दिसला! आरत्या उतरवल्या, प्रोजेक्ट उतरवलं. 'सुखकर्ता' लावून बघितली, बाबांचा खोकला मध्येच येतो तो पण तसाच आहे. पेनड्राइव्ह खरंच देवघरात ठेवलाय.

मग कंपनीच्या पानावरून आयआरएसटी उतरवला, पेनड्राइव्हवर घातला, सेटअपमध्ये ब्राउझ करून तो फोल्डर दाखवला. तर म्हणतं, 'नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स वेअर फाउंड'. फाइल एकच आहे, एक्झी. माझं काय चुकलं?

खटपट्या | संध्याकाळी ६:५०

काही चुकलं नाही, शेवटची पायरी राहिली. सेटअपला एक्झी वाचता येत नाही. त्याला आयएनएफ, सिस आणि कॅट अशा सुट्या फाइली हव्यात. आयएनएफ म्हणजे दुभाषाचं ओळखपत्र. एक्झी म्हणजे बंद गाठोडं.

दुसऱ्या संगणकावर ती एक्झी सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅमने उलगडून बघा. कधी आत आणखी एक गाठोडं निघतं, तेही उलगडा. इंटेलचं 'सेटअपआरएसटी' निघालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याच्या नावापुढे इंग्रजीत 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स'चा पर्याय, त्याच्या आधी आडवी रेघ लावून, आणि ज्या फोल्डरमध्ये हवं त्याचा पत्ता द्या. शेवटी 'आयएस्टोरव्हीडी' नावाची आयएनएफ फाइल असलेला फोल्डर दिसेल. तो पूर्ण पेनड्राइव्हवर न्या. यादीत एकापेक्षा जास्त नावं आली तर ज्यात व्हीएमडी आणि ९ए०बी असेल ते निवडा, अकराव्या पिढीचा क्रमांक तो आहे. बाराव्या पिढीवाल्यांनी ४६७एफ बघावं.

खिळेजुळारी | रात्री ८:४०

काळा पोर्ट! चाललं! फाइली कॉपी होताहेत. जुनाजाणता काका, सांगलीला आलात तर प्रेसवर या, भडंग माझ्याकडून.

रानजाई | रात्री ९:५५

आली!!! यादी आली! ५१२ जीबी, सगळी पार्टिशनं आकारासकट. सीचं तेवढं पार्टिशन काढलं, डीला हात लावला नाही. टचपॅड सेटअपमध्ये मेलेलाच होता, लेकीचा यूएसबी माऊस लावला. पुढे वायफाय दिसेना, तर मावळा यांच्या बाबांची युक्ती. विंडोज ११ सुरू झालं.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये चार ठिकाणी पिवळं चिन्ह आहे. 'पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर', 'एसएम बस कंट्रोलर', 'नेटवर्क कंट्रोलर' आणि एक नुसतं 'अननोन डिव्हाइस'. यांचं काय करू?

बाजारपेठ_रिपेअर | रात्री १०:१०

अभिनंदन ताई! पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ऑप्शनल अपडेट्स. तिथे ड्रायव्हरची यादी असते. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यांसाठी कंपनीच्या पानावरून चिपसेट सर्वांत आधी, मग बाकीचे. 'एसएम बस' चिपसेटनेच जातं. 'सिम्पल कम्युनिकेशन्स' म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, त्याचा ड्रायव्हर त्या नावाने मिळेल. टचपॅडला पुष्कळदा 'सीरियल आयओ' लागतो.

नेटवर 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' अशा जाहिराती दिसतील, त्यांना हात लावू नका. त्यातून आलेली घाण काढायला आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी येतं.

लोकल८१२ | रात्री १०:२२

'अननोन'साठी त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. जो मजकूर येतो त्यात 'व्हेन' नंतरची चार अक्षरं म्हणजे बनवणारा. ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १००२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया. 'व्हेन'ऐवजी 'व्हीआयडी' दिसलं तर ते यूएसबीवर बसलेलं आहे, लॅपटॉपाच्या आतच असलं तरी. तुमचं काय येतं ते टाका.

खटपट्या | रात्री १०:४५

ताई, सगळं जुळलं की आजच एक काम करा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डिझम, मग ऑनलाइन, मग एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, मग डेस्टिनेशनमध्ये पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता, डिझम सोडून प्रत्येकाच्या आधी तिरकी रेघ. बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर सुट्या आयएनएफ फाइलींसकट त्या फोल्डरमध्ये येतात. पुढच्या वेळी सेटअपला तोच फोल्डर दाखवायचा, आयआरएसटीही त्यातच असेल. विंडोज उठल्यावर बाकीचे एकत्र घालायला पीएनपीयुटिल ही विंडोजमधलीच कमांड आहे, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ब्राउझ माय कॉम्प्युटर'.

हे विंडोज धड चालू असतानाच करता येतं. इथे जे वाचताहेत आणि ज्यांचा लॅपटॉप आज ठीक आहे, त्यांनी आज रात्रीच करा. पाच मिनिटं लागतात.

सरळसोट | रात्री ११:०२

केलं. माझे दोन जीबीच्या आत मावले.

म्युनिकचा_मावळा | रात्री ११:१०

डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या बऱ्याच मॉडेलांसाठी कंपनीच स्वतःचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायची सोय देते. सिरियल नंबर टाकला की त्या मॉडेलचे ड्रायव्हर घातलेलं विंडोज उतरतं, मग व्हीएमडीचा हा फेराच पडत नाही. मॉडेल बसत असेल तर आधी ते बघावं. डिस्क मात्र पूर्ण पुसली जाते, म्हणून पेंग्विनप्रेमींचा नियम पहिला.

रानजाई | रविवार, सकाळी ७:४०

ऑप्शनल अपडेट्सने वायफाय आणि एसएम बस गेले. वायफायला १०ईसी होतं, म्हणजे रिअलटेक. मॅनेजमेंट इंजिन कंपनीच्या पानावर मिळालं. 'अननोन'मध्ये 'यूएसबी व्हीआयडी ०४एफ३' असं आहे.

लोकल८१२ | सकाळी ७:५२

०४एफ३ म्हणजे एलॅन. तुमच्या लॅपटॉपला बोट ठेवून उघडायची सोय आहे का? बहुतेक तोच फिंगरप्रिंट. कंपनीच्या पानावर 'सिक्युरिटी' किंवा 'बायोमेट्रिक' विभागात बघा.

रानजाई | सकाळी ८:२५

तोच होता. लेकीने बोट ठेवलं आणि उघडला. पिवळं चिन्ह एकही नाही. खटपट्या यांनी सांगितलेला फोल्डरही काढून घेतला, देवघरात आता दोन पेनड्राइव्ह आहेत. उद्या तिचं प्रोजेक्ट प्रेझेंटेशन आहे, आत्ता तीच बसलीये त्यावर. मी चहा ठेवते आणि आरत्यांची एक प्रत भावाला पाठवते.

खिळेजुळारी | सकाळी ८:४०

ताई, प्रेझेंटेशनला शुभेच्छा! आणि कुणाला माहीत आहे का, ७ वर डोंगल ओळखलं जातंय पण प्रिंटरचा ड्रायव्हर ६४ बिटचा मागतंय आणि माझ्याकडच्या सीडीत ३२चाच आहे...

जुनाजाणता | सकाळी ८:४३

प्रिंटरचं मॉडेल सांगा. आणि नवा धागा काढा, तिकडे येतो.